झीज, जोड आणि नोंद

१९०७ च्या उन्हाळ्यात रोल्स-रॉईस कंपनीची एक चंदेरी मोटार लंडन आणि ग्लासगो यांच्या दरम्यान पुन्हा पुन्हा ये-जा करत होती. आधी ती स्कॉटलंडमधल्या विश्वासार्हता चाचणीत उतरली होती आणि तिथून पुढे धावतच राहिली. गाडीवर रॉयल ऑटोमोबाइल क्लबची देखरेख होती. १५,००० मैलांच्या या उपक्रमात १४,३७१ मैल तिने एकही अनिच्छेचा थांबा न घेता कापले. नंतर क्लबने ती संपूर्ण खोलून घेतली, प्रत्येक भागाची झीज मोजली आणि गाडी पुन्हा नव्यासारखी करायला लागणाऱ्या सुट्या भागांचा हिशेब मांडला. तो भरला २ पौंड, २ शिलिंग, ७ पेन्स. कंपनीने या आकड्याची भरपूर जाहिरात केली आणि तो तिचा हक्कच होता. मला मात्र या हिशेबाची पद्धत त्या आकड्याहून मोलाची वाटते. ‘नव्यासारखी’ म्हणजे काय, हे तिथे मोजमापाने ठरले होते. भाग कारखान्यातून निघाला तेव्हा केवढा होता, आता केवढा आहे आणि मधला फरक किती, एवढेच विचारले गेले. आज जुन्या मोटारीच्या पुनरुज्जीवनाचे कौतुक होते तेव्हा हाच शब्द वापरला जातो, पण त्याचा निवाडा डोळे करतात. रंगात चेहरा दिसतो का, पितळ झळकते का, कातडे ताणलेले आहे का, हे पाहून माणसे मान डोलावतात. ही कसोटी अपुरी आहे, आणि पुष्कळदा ती गाडीचे नुकसान करते, असे मला या प्रस्तावनेत मांडायचे आहे. जुन्या गाडीचे काम किती चांगले झाले, हे ती किती नवी दिसते यावरून ठरवू नये. तिच्या अंगावरचा इतिहास कामानंतरही किती वाचता येतो, यावरून ते ठरवावे.

या वादासाठी ४०/५० अश्वशक्तीच्या रोल्स-रॉईसइतकी योग्य गाडी दुसरी नाही. जग तिला सिल्व्हर घोस्ट म्हणून ओळखते. खरे तर ते नाव आधी एकाच गाडीचे होते: चॅसिस क्रमांक ६०५५१, नोंदणी क्रमांक एएक्स २०१, बार्कर कंपनीने बांधलेली उघडी टूरर, अॅल्युमिनियमच्या रंगात रंगवलेली आणि चांदीचा मुलामा दिलेल्या साजाची. लंडन-ग्लासगो रस्त्यावर धावली ती हीच. कंपनीचा कारभार पाहणाऱ्या क्लॉड जॉन्सनने तिला हे नाव दिले, आणि पुढे ते सगळ्याच ४०/५० गाड्यांना चिकटले. १९०६ ते १९२६ या काळात इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात मिळून अशा सुमारे ७,८०० गाड्या बनल्या. हेन्री रॉईसने त्यांच्यासाठी तीन-तीन सिलिंडरांच्या दोन ठोकळ्यांचे सहा सिलिंडरी इंजिन केले आणि क्रँकशाफ्टला सात बेअरिंगांचा आधार दिला. त्या काळी सहा सिलिंडरांच्या लांब क्रँकशाफ्टला थरथर सुटत असे. रॉईसने तो जाड आणि भक्कम केला, जागोजाग तोलून धरला आणि दाबाखाली तेल पोचवून ती थरथर आवरली. आधी ७,०३६ आणि पुढे ७,४२८ घनसेंटिमीटरचे हे इंजिन आजच्या मानाने फारशी ताकद देत नाही. पण ते हळू, शांत आणि पुष्कळ वर्षे चालावे असे घडवलेले आहे. त्यामुळे या गाड्या टिकल्या. टिकल्या म्हणून वापरल्या गेल्या, आणि वापरल्या गेल्या म्हणून बदलत गेल्या. त्या बदलांचे काय करायचे, हा या विषयातला खरा पेच आहे.

पेच सुरू होतो तो गाडी विकण्याच्या पद्धतीपासून. रोल्स-रॉईस त्या काळी पूर्ण गाडी विकत नसे. कंपनी द्यायची चॅसिस: सांगाडा, इंजिन, चाके, रेडिएटर. वरचे शरीर घ्यायला गिऱ्हाईक बार्कर, हूपर, पार्क वॉर्ड अशा कोचबिल्डरकडे जायचे. अॅश लाकडाची चौकट, तिच्यावर हाताने ठोकून बसवलेले पत्रे, आत कातडे आणि घोड्याचे केस, ही सगळी घोडागाड्या बांधणाऱ्यांची विद्या होती. शरीर आणि सांगाडा वेगळे असल्याने शरीर बदलणे सोपे होते आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. काही मालक एकाच चॅसिससाठी थंडीत बंद लिमोझिन आणि उन्हाळ्यात उघडी टूरर अशी दोन शरीरे बाळगत. पहिल्या महायुद्धात याच चॅसिसवर चिलखती गाड्या उभ्या राहिल्या, काहींच्या रुग्णवाहिका झाल्या. युद्धानंतर जुन्या झालेल्या कित्येक घोस्ट शववाहिका म्हणून किंवा माल वाहण्यासाठी राबल्या. मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शौकिनांचे लक्ष त्यांच्याकडे गेले, आणि उघडी टूरर सर्वांत देखणी दिसते म्हणून अनेकांनी आपल्या चॅसिसवर नव्याने टूररचे शरीर बांधून घेतले. आज मेळाव्यांत दिसणाऱ्या कितीतरी उघड्या घोस्ट मुळात उंच छपराच्या बंद गाड्या होत्या. एखादा मालक ‘गाडी मूळ रूपात आणली’ म्हणतो तेव्हा कोणत्या वर्षीचे मूळ, हे विचारायलाच हवे. १९१२ ची लिमोझिन, १९१५ ची रुग्णवाहिका आणि १९६० सालची टूरर ही तिन्ही एकाच चॅसिस क्रमांकाची रूपे असू शकतात.

तरीही नव्यासारखेपणाचा मोह सुटत नाही, आणि तो गाडीला तिच्या काळापासून किती दूर नेतो हे तपशिलात शिरले की कळते. १९०७ ची गाडी रंगवताना पत्र्यावर लेपांवर लेप चढवत, प्रत्येक लेप प्यूमिसने घासत, वर ब्रशने रंग आणि शेवटी वॉर्निश लावत. या कामाला काही आठवडे लागायचे. त्या रंगाला खोली असते, किंचित पिवळसर झाक असते आणि जवळून पाहिले तर ब्रशाची चाहूलही लागते. फवाऱ्याने मारायचा नायट्रोसेल्युलोज रंग मोटारींवर आला तो १९२० च्या दशकात. आजचा दोन घटकांचा रंग आणि त्यावरचा पारदर्शक थर तर फारच अलीकडचा. त्याची काचेसारखी झळाळी सिल्व्हर घोस्टच्या कोणत्याही पहिल्या मालकाने कधी पाहिली नव्हती. धातूच्या साजाचेही तसेच. त्या काळी पितळ, जर्मन सिल्व्हर आणि निकेल होते. क्रोमचा मुलामा मोटारींवर रूढ झाला तो विसाच्या दशकाच्या अखेरीस. क्रोमला निळसर थंड चमक असते, तर निकेलमध्ये ऊब असते. रेडिएटरवरची पंख पसरलेली मूर्ती चार्ल्स साइक्सने घडवली १९११ मध्ये, म्हणजे त्याआधीच्या गाडीवर ती बसवणे हा इतिहासात नसलेला दागिना घालणे होय. विजेवर इंजिन सुरू करण्याची सोय घोस्टला मिळाली पहिल्या महायुद्धानंतर, आणि पुढच्या चाकांना ब्रेक मिळाले ते विसाच्या दशकाच्या मध्याकडे. पुनरुज्जीवन करणारे यांपैकी एखादी गोष्ट सोयीसाठी किंवा शोभेसाठी घालतात, आणि पाहणारा तीच १९०७ ची समजून घरी जातो. बांधणाऱ्याच्या मनात खोटेपणा नसला तरी पाहणाऱ्याला मिळते ती खोटी माहितीच.

याचा अर्थ जुन्या गाडीला हात लावू नये असा कुणी घेईल, तर ते चूक ठरेल. यंत्राला झिजण्यावाचून गती नाही. घोस्टच्या इंजिनात बेअरिंगच्या जागी कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा मऊ मिश्रधातू ओतलेला असतो. तो मऊ असतो तो मुद्दाम, म्हणजे झीज त्याने सोसावी आणि महागडा क्रँकशाफ्ट वाचावा. थर विरला की खरवडून काढायचा, नवा ओतायचा, शाफ्टला निळा रंग लावून तो फिरवायचा, रंग जिथे उमटेल तिथे स्क्रेपरने अलगद खरवडायचे आणि सगळीकडे सारखा टेक मिळेपर्यंत हे करत राहायचे. हे काम करणारे हात आज जगभरात थोडे उरले आहेत, आणि काळजीपूर्वक केलेल्या पुनरुज्जीवनाचे पहिले पुण्य हे की ते हात त्यामुळे कामात राहतात. विरलेले बेअरिंग इतिहास म्हणून तसेच ठेवले तर एके दिवशी क्रँकशाफ्टच तुटेल आणि जपायला काहीच उरणार नाही. टायर, नळ्या, तारांवरचे वेष्टन, ब्रेकचे अस्तर हे सारे बदलण्यासाठीच असते. बनवणाऱ्याने ज्याला खर्ची टाकायचे ठरवले ते खर्ची टाकावे. पण लाकडी चौकटीतला मूळचा सांधा, मडगार्डच्या आतल्या बाजूचा पहिला रंग, आसनाखालची कोचबिल्डरची पेन्सिलखूण, पत्र्यावरचे हातोडीचे ठसे एकदा गेले की गेले. त्यांची प्रतिकृती करता येते, पण प्रतिकृतीतून नवी माहिती मिळत नाही. शंभर वर्षांनी कुणाला बार्करच्या कारागिराने सांधा कसा जोडला हे समजून घ्यायचे असेल, तर त्याला तो सांधाच लागेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ही शेतातली नांगरणीची यंत्रे नव्हेत, या ऐषआरामाच्या गाड्या आहेत. चकाकणे हेच त्यांचे काम होते. शोफर त्या रोज पुसायचा, मालक दर काही वर्षांनी नव्याने रंगवून घ्यायचा. पापुद्रे सुटलेली, कातडे फाटलेली घोस्ट पाहून रॉईसला काय वाटले असते? माणूस इतका काटेकोर होता की जुनाट दिसणारी गाडी जतन म्हणून मिरवणे हा त्याचा अपमानच नाही का? या आक्षेपातला अर्धा भाग मला मान्य आहे. निगा न राखलेली गाडी म्हणजे जतन केलेली गाडी नव्हे. गंज थांबवला पाहिजे, सुटलेला रंग बसवला पाहिजे, आणि जिथे रंग उरलाच नसेल तिथे तो त्या काळच्या पद्धतीने चढवण्यात काही गैर नाही. पण रॉईसच्या काटेकोरपणाचा पुरावा आपण शोधतो तो कुठे? तो सापडतो मापांत, जोडांत, पाटे ज्या निगुतीने घडवले त्यात, डोळ्यांना न दिसणाऱ्या भागांनाही दिलेल्या सफाईत. अति उत्साहाने केलेले पुनरुज्जीवन नेमके हेच पुसते. मूळचा बोल्ट फेकून नवा चकचकीत बोल्ट लावला, ओतीव भागाची खरबरीत कूस घासून गुळगुळीत केली, की रॉईसच्या कारखान्याने कुठे कष्ट घेतले आणि कुठे घ्यायची गरज मानली नाही, हा त्याचा निर्णयच दिसेनासा होतो. निर्मात्याच्या हेतूचा आदर करायचा, तर त्याने जिथे हात आखडता घेतला तेही दिसू द्यावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. सगळे भाग बदलत गेले, तर गाडी तीच राहते का? हा प्रश्न तत्त्वचिंतकांपुरता न राहता १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयात आला. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली स्पीड सिक्स ही १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे ले मॉंची शर्यत जिंकलेली गाडी. दोन्ही वेळा वूल्फ बार्नाटो तिच्या चालकांपैकी एक होता. पुढे ती शर्यतींसाठी बदलत गेली, तिच्यात आठ लिटरचे इंजिन आले, १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला, आणि मग तिच्यावर रस्त्यावर चालवायच्या कूपेचे शरीर चढले. दशके लोटल्यावर तिला पुन्हा ले मॉंच्या रूपात आणले गेले आणि एक कोटी पौंडांचा सौदा ठरला. ही ती गाडीच नव्हे, असे म्हणत खरेदीदाराने माघार घेतली. न्यायमूर्ती ऑटन यांनी भागाभागाचा पुरावा ऐकला. १९२९ मध्ये धावलेल्या गाडीचे फारच थोडे तिच्यात उरले होते, हे त्यांनी मान्य केले. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. बदल एका दमात झाले नव्हते. ते टप्प्याटप्प्याने होत गेले, प्रत्येक टप्प्यावर गाडीची ओळख अखंड राहिली, आणि त्या नावावर दावा सांगणारी दुसरी गाडी कुठेच नव्हती. त्या अर्थाने ती अस्सल ठरली. हा निकाल मला पटतो, आणि तो ज्या पायावर उभा राहिला तो तर अधिकच पटतो. ती साखळी न्यायालयात सिद्ध करता आली, कारण कारखान्याच्या नोंदी, शर्यतींचे वृत्तांत, छायाचित्रे आणि मालकीची कागदपत्रे उपलब्ध होती. कागद नसते तर तेच लोखंड नुसते लोखंड ठरले असते.

म्हणून पुनरुज्जीवन करणाऱ्याकडे मी जे मागतो त्याला मराठी वाचकाच्या ओळखीचा एक आदर्श आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली तेव्हा संपादकांनी शेकडो हस्तलिखिते ताडून एक पाठ निश्चित केला, पण नाकारलेले पाठभेद फेकले नाहीत. ते पानाच्या तळाशी छापले, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला संपादकाचा निर्णय तपासता यावा आणि पटला नाही तर मोडता यावा. मोटारीच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय संघटना फिवाने २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरिन सनद जवळपास हेच सांगते: आधी जतन, मग डागडुजी, आणि पुनर्बांधणी अगदी नाइलाजाने; शिवाय जे बदलले त्याची नोंद ठेवायची आणि नवा भाग नवा म्हणून ओळखू येईल असे करायचे. वास्तूंसाठी १९६४ मध्ये तयार झालेल्या व्हेनिस सनदेने तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावे असे सांगितले होते, त्याच विचाराचा हा पुढचा धागा. व्यवहारात हे अवघड नाही. खोलण्याआधी प्रत्येक भागाची छायाचित्रे, काढलेल्या भागांवर चिठ्ठ्या लावून त्यांची पेटी, नव्या भागावर न दिसणाऱ्या बाजूला साल कोरलेले, मूळ रंगाचा हातभर तुकडा तसाच राखलेला. खर्च एकूण कामाच्या मानाने नगण्य. खरी अडचण अशी की जोड दाखवणे म्हणजे काम कमी पडल्याची कबुली, असे मालकांना वाटते. ही समजूत बदलायला हवी.

भारतात या मुद्द्याला वेगळीच धार येते. १९०८ मध्ये ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची ४०/५० मुंबईत आणली गेली, मुंबई-कोल्हापूर मार्गावरच्या सुमारे ६२० मैलांच्या चाचणीत घाट चढून-उतरून यशस्वी झाली आणि ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. त्यानंतर संस्थानिकांकडून मागणी वाढत गेली आणि इंग्लंडच्या कारखान्यातून शेकडो गाड्या इकडे आल्या. त्यांचे पुढचे आयुष्य मात्र संस्थानांच्या मोटारखान्यांत गेले. इथल्या मिस्त्रींनी आणि फिटरांनी उष्णतेशी, धुळीशी आणि सुट्या भागांच्या टंचाईशी झगडत त्या चालत्या ठेवल्या. मद्रासच्या सिम्पसन आणि कलकत्त्याच्या स्टुअर्टसारख्या कंपन्यांनी इथेच शरीरे बांधली. यातली एखादी गाडी पुनरुज्जीवनाला घेतली की ध्येय ठरते ते कारखान्यातून निघतानाच्या रूपाचे, आणि मग हाताने घडवलेला ब्रॅकेट, स्थानिक लाकडाची दुरुस्ती, बदललेला टप हे सारे ‘नंतरची भेसळ’ म्हणून भंगारात जाते. ज्या माणसांची नावे कोणत्याही नोंदवहीत नाहीत त्यांच्या कामाचा उरलेला एकमेव पुरावा त्या ब्रॅकेटमध्ये असतो. काहीजण विचारतात की साम्राज्याच्या काळातल्या श्रीमंतांच्या खेळण्यांवर एवढी आस्था का खर्च करायची. याचे उत्तर मला याच ब्रॅकेटमध्ये दिसते. महाराजांची श्रीमंती दरबारी छायाचित्रांतून आणि राजवाड्यांतून पुरेशी जपली गेली आहे. मिस्त्रीचे कसब जपायला दुसरी जागा नाही.

आपल्याकडचा कायदा इथे निम्मी वाट चालून थांबतो. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना विंटेज म्हणून स्वतंत्र ओळख दिली. ‘व्हीए’ अक्षरांची नोंदणी मालिका, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, आणि रोजच्या किंवा व्यापारी वापराला मनाई. अट अशी की वाहन मूळ रूपात राखलेले असावे आणि चॅसिस, शरीर किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. हेतू स्वच्छ आहे. पण शरीर वेगळे आणि चॅसिस वेगळे अशा काळातल्या गाडीला, जिच्यावर मालकानेच तीन शरीरे बदलली, हा नियम अक्षरशः लावला तर प्रामाणिक मालक अडचणीत येतो आणि बदल लपवणारा सहज सुटतो. ‘मूळ रूप’ कोणते, हे अधिकाऱ्याने नजरेने ठरवण्यापेक्षा नोंदणीच्या अर्जासोबत बदलांचा तक्ता जोडायला लावणे अधिक उपयोगी ठरेल: कोणता भाग कारखान्याचा, कोणता नंतरचा, तो साधारण कोणत्या काळात आणि कुठे बसला, काढलेला भाग आज कुठे आहे. मोटारींच्या मेळाव्यांत बक्षिसे देणाऱ्या परीक्षकांनीही बॉनेट उघडण्याआधी हा तक्ता मागावा, आणि ज्याच्याकडे तो नाही त्याचे गुण कापावेत. पुढच्या पानांतली छायाचित्रे पाहताना वाचकाने रंगावर थांबू नये. मडगार्डच्या खालच्या कडा, बिजागऱ्या, लाकडाचे सांधे आणि बोल्टांची डोकी पाहावीत, आणि प्रत्येक ठिकाणी हे कोणी, केव्हा, कशाच्या आधाराने केले, ते सांगितले आहे का, हे शोधावे.